फॉर्मची मागची बाजू

छापखान्यात त्यांना सगळे स्वल्पविरामबाई म्हणत. मुद्रितं तपासताना एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी बाई अख्खा मजकूर अडवून धरायच्या आणि मशीनवाले कपाळाला हात लावून बसायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग छापखाना बंद पडला. मालकाच्या मुलाने यंत्रं भंगारात काढली, जागा मोटारी धुणाऱ्याला भाड्याने दिली आणि बाईंच्या हातात एक पाकीट आणि एक भिंतीवरचं घड्याळ ठेवून तो मोकळा झाला. बाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ वारल्यापासून त्या आणि त्यांची वहिनी, दोघीच दोन खोल्यांत राहत. दोघींचं एकमेकींशी पटत नसे आणि एकमेकींवाचून चालतही नसे. वहिनी घरबसल्या उशांचे अभ्रे शिवायची, बाई सकाळी बाहेर पडून संध्याकाळी यायच्या, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. दिवसभर समोरासमोर बसायची वेळ आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात वहिनीने सांगून टाकलं, की तू काहीतरी काम बघ, नाहीतर मी माझं मशीन उचलून जिन्यात बसते.

काम मिळालं ते लॉ कॉलेजात. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका त्याच छापखान्यात छापल्या जात, त्यामुळे तिथला ग्रंथपाल ओळखीचा होता. तो म्हणाला, अपंग विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात एक साहाय्य कक्ष आहे. त्यांची फी आणि वसतिगृहाचा खर्च तोच भरतो. एक आंधळा मुलगा नुकताच आलाय, त्याला पुस्तकं वाचून दाखवायला माणूस हवंय. महिन्याला पन्नास तास, तासावर मानधन.

घरी सांगितल्यावर वहिनीने सुईतला दोरा दातांनी तोडला. "म्हणजे आता तुझ्या बडबडीचेसुद्धा पैसे मिळणार. मग आपण श्रीमंतच झालो म्हणायचं."

ग्रंथालयात मोठ्याने वाचायची बंदी, म्हणून त्या दोघांना जिन्याखालची एक खोली दिली होती. तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीचा पाय लचकणारा. खिडकी सायकली लावायच्या जागेकडे उघडायची. मुलगा आधीच येऊन त्या लचकणाऱ्या खुर्चीवर बसलेला असायचा. तेवीस वर्षांचा, उंच, थोडा पोक काढून बसणारा. नवव्या वर्षी तापात त्याची नजर गेली होती. आईवडील त्याच्याही आधी गेले. थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं. तिचं तीन तासांवरच्या एका गावात इस्त्रीचं दुकान होतं, आणि भावाचे शर्ट ती पंधरा दिवसांनी गठ्ठा करून पाठवायची. घडी अशी की बोट कापेल. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "तुम्ही तर आत्तापासूनच वकीलसाहेब दिसता." तेव्हापासून ते नाव पडलं. तो त्यांना नुसतं बाई म्हणे.

पहिले काही महिने दोघांचं फार वाजायचं. त्याला भराभर मजकूर हवा असे. पाटीवर जाड कागद अडकवून तो टोच्याने ठिपक्यांच्या लिपीत टिपणं काढायचा. टोचा थांबला की बाईंनी पुढचं वाक्य घ्यायचं, असा त्याचा हिशेब. बाईंना मात्र सत्तावीस वर्षांची खोड. छपाईची चूक दिसली की त्या थांबायच्या, हे वाक्य असं नको होतं म्हणायच्या, इथे कर्ता कुठे गेला म्हणून विचारायच्या. तो चिडायचा. मला पुस्तक ऐकायचंय, तुमचं मत नकोय, असं त्याने एकदा तोंडावर सांगितलं.

मग एक दिवस भागीदारीच्या कायद्याचं प्रकरण वाचताना बाई अडल्या आणि म्हणाल्या, की इथे एक 'नाही' गळलाय. मुलगा म्हणाला, लेखक मोठा न्यायाधीश आहे, तुम्ही वाचा. बाई म्हणाल्या, न्यायाधीश मोठा असेल, खिळे जुळवणारा जुळारी झोपाळू होता. तासभर दोघांची हमरीतुमरी चालली. शेवटी ग्रंथपालाकडून आधीची आवृत्ती मागवली. त्यात 'नाही' होता. मग टोचून काढलेला कागद मुलाने फाडला आणि ते पान नव्याने घेतलं. त्या दिवसापासून बाई थांबल्या की तोही टोचा खाली ठेवायचा. चिडायचा, पण ठेवायचा.

महिनाअखेरीला तासांचा तक्ता भरून त्यावर दोघांनी सह्या करायच्या असत. त्याच्याजवळ पुठ्ठ्याची एक पट्टी होती, मधोमध चीर पाडलेली. बाईंनी ती ओळीवर ठेवायची आणि त्याने चिरेच्या आत सही करायची. सही त्याला बहिणीने शिकवली होती, हात धरून. तो तक्ता कक्षातल्या कारकुनाकडे जायचा आणि दोन-तीन महिन्यांनी पैसे यायचे. कारकून वाईट माणूस नव्हता. एकट्याच्या अंगावर कक्षाचं सगळं काम, पोटाचं दुखणं, टेबलावर फायलींच्या जोडीला औषधाची बाटली. विचारलं की खरं ते सांगायचा. न विचारलेलं सांगायला त्याला सवड नसायची.

पहिलं वर्ष मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला. बाईंनी वहिनीला निकाल असा सांगितला, जणू पेपर त्यांनीच लिहिले होते. वहिनी म्हणाली, "अर्धे तुझेच की. शुद्धलेखनाचे."

दुसऱ्या वर्षी कोणा दात्याकडून कक्षाला वाचनयंत्रं मिळाली. पुस्तकाचं पान यंत्राखाली धरायचं, ते त्याचा फोटो घेणार आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये वाचून दाखवणार. मुलाने ते घ्यायचं ठरवलं. त्यात त्याचं काही चुकलं असं कोणी म्हणू नये. दुपारी तीन ते पाच एवढीच त्याची पुस्तकं उघडायची वेळ, तीही दुसऱ्याच्या तोंडाने. बाईंना सर्दी झाली की त्याचा अभ्यास बंद. एखादं पान पुन्हा ऐकायचं तर विनवणी करायची, आणि वर वाक्यरचनेवर टीका ऐकायची. स्वतःचं पुस्तक स्वतः, हव्या त्या वेळी, हवं तितक्यांदा ऐकावं असं त्याला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

फॉर्म भरायचा होता. एरवी कक्षाकडून आलेला कागद न् कागद तो बाईंकडूनच वाचून घ्यायचा. हा मात्र त्याने त्यांच्यापुढे काढला नाही. त्याला संकोच वाटला. तुमच्या जागी यंत्र मागतोय, तेवढा कागद जरा वाचा, असं कसं सांगायचं? तो थेट कारकुनाकडे गेला. कारकुनाने वाचून दाखवलं, चिरेची पट्टी ओळीवर धरली, आणि मुलाने सही केली.

पुढच्या सोमवारी बाई तीन वाजता आल्या तर जिन्याखालच्या खोलीला कुलूप. कक्षात गेल्या. कारकून म्हणाला, "अहो, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. त्याला यंत्र मिळालं. तुमचं काम गेल्या शुक्रवारीच संपलं."

बाई बाहेर आल्या तर व्हरांड्याच्या टोकाला बाकावर मुलगा बसलेला. मांडीवर नवं कोरं यंत्र, कानांवर हेडफोन. बाईंची पावलं जवळ आली तशी त्याने मान वळवली आणि एक कान मोकळा केला. पावलं त्याच्या ओळखीची होती. त्याने काही म्हणायला तोंड उघडलेलंही बाईंना दिसलं. त्या तशाच पुढे निघून गेल्या.

महिन्याभरात त्यांना औषधांच्या एका गोदामात काम मिळालं. खोक्यावरचा क्रमांक आणि मुदतीची तारीख यादीशी ताडून पाहायची. दिवसभर उभं राहायचं, बोलायचं कोणाशीच नाही. मनातल्या मनात त्या मुलाशी भांडत राहायच्या. यंत्र हवं तर खुशाल घ्यावं, पण एका शब्दाने सांगू नये? एवढी वर्षभर घशाची साल काढली ती काय फुकट?

इकडे यंत्राचं निराळंच झालं. नव्या, स्वच्छ छापलेल्या पुस्तकावर ते झकास चालायचं. पण कायद्याच्या अभ्यासात नवी पुस्तकं थोडी आणि जुने निकाल फार. त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, त्यावर दहा पिढ्यांनी मारलेल्या रेघा. शिवाय ते निकाल पानावर दोन रकान्यांत छापलेले. यंत्र डाव्या रकान्याची एक ओळ वाचायचं, लगेच उजव्या रकान्याची, पुन्हा डाव्या. खुनाच्या खटल्यात मधूनमधून आधीच्या खटल्यातली शेतजमीन यायची. मुलाने महिनाभर खटपट केली. मग कक्षात जाऊन वाचक परत मागितला. कारकुनाने नियम सांगितला, की एका विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एकच सोय मिळते. उपकरण घेतलं की माणूस बंद, कायमचा. वर्गातल्या पोरांनी थोडं थोडं वाचून दिलं, पण परीक्षा जवळ आली तसा जो तो आपल्या अभ्यासाला लागला.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी, गुरुवारी संध्याकाळी, त्याने बाईंना फोन केला.

"बाई, रविवारी दोन तास मिळतील का? बावीस पानं आहेत. पैसे मी देईन."

"का, यंत्र दमलं वाटतं?"

"त्याला दोन रकान्यांचं पान जमत नाही."

"मग जमणारं मागवा. मला रविवारी काम आहे."

तो बरं म्हणाला. बाईंनी फोन ठेवला. त्यांना हलकं वाटलं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. वहिनीने मशीन थांबवून विचारलं, कोणाचा होता.

"कोणाचा नाही."

"कोणाचा नाही तर चेहरा एवढा का फुललाय?"

रविवारी बाईंना काहीही काम नव्हतं. सकाळी त्यांनी कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. दुपारी खिडकीशी बसून राहिल्या. घड्याळात तीन वाजले, मग पाच वाजले. तोवर गुरुवारचा हलकेपणा पार उतरला होता आणि तोंडाला कडवट चव आली होती. तरी सोमवारी फोन केला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी केला. मुलगा म्हणाला, "नको बाई, सोय झाली." आवाज अगदी सरळ होता. बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

अडीच महिने गेले. आपल्या राहिलेल्या दोन महिन्यांच्या मानधनासाठी बाई कक्षात गेल्या. कारकुनाने सह्यांचं पुस्तक पुढे सरकवलं आणि सहज म्हणाला, "तुमचा तो मुलगा गेला."

बाईंच्या हातून पेन सुटलं. कारकून घाईघाईने म्हणाला, तसा नाही हो, घरी गेला. दोन विषयांत नापास झाला, त्यातल्या एकात चार गुणांनी. नापास झालं की पुढचं साहाय्य बंद, आणि साहाय्य बंद की वसतिगृहाची खोली गेली. बाहेर खोली घेऊन राहायची ऐपत नाही. यंत्र जमा केलं, ट्रंक उचलली आणि गेला.

कोणते दोन विषय, ते बाईंनी विचारलं. ती बावीस पानं त्यातल्याच एकाची होती.

बाई मग म्हणाल्या, त्याने यंत्रासाठी भरलेला फॉर्म मला बघायचाय. कारकुनाला औषध घ्यायचं होतं. त्याने फाईल काढून दिली आणि तो पाण्याची बाटली भरायला गेला. मजकूर शेवटच्या ओळीपासून उलटा वर वाचत यायचं ही बाईंची छापखान्यातली सवय; तसं वाचलं की डोळा फसत नाही. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, वर्ग, उपकरणाचा क्रमांक आणि खाली त्याची सही, चिरेच्या आत बसवलेली, सरळ. पान उलटलं. मागे बारीक अक्षरांत नऊ अटी. सातवी अट अशी, की उपकरण स्वीकारल्याच्या तारखेपासून अर्जदाराला मिळणारं व्यक्तिगत साहाय्य कायमचं बंद होईल. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'वरील अटी समजल्या. अर्जदाराची सही.' आणि पुढे मोकळी रेघ.

कारकून परत आल्यावर बाईंनी विचारलं, "हा त्याला कोणी वाचून दाखवला?"

"मीच. पूर्ण पुढची बाजू वाचली."

"आणि मागची?"

"मागे नुसत्या अटी असतात, बाई. त्या कोण वाचतं? डोळस पोरंसुद्धा वाचत नाहीत."

त्याने हे उद्धटपणे म्हटलं नाही. खरं तेच सांगितलं. बाईंनी त्या कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं. कारकुनाने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, की अपील करता येतं. समितीकडे; वाचक चुकीने बंद झाला हे पटलं तर साहाय्य पुन्हा सुरू होऊ शकतं. पण अर्जावर सही त्या मुलाचीच लागेल.

पुढच्या रविवारी बाई बसने त्या गावी गेल्या. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, पुढे लाकडी फळी, मागे पडद्याआड राहायची जागा. बहीण ठेंगणी, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. बाईंनी ओळख सांगितल्यावर तिने इस्त्री उभी केली आणि स्टूल पुढे केलं. "तुमच्याबद्दल फार सांगायचा, बाई," ती म्हणाली, आणि एवढंच म्हणून थांबली.

मुलगा आतल्या बाजूला जमिनीवर बसून शर्टांच्या घड्या घालत होता. हात सफाईने चालत होते. कॉलर चाचपायची, बाह्या मागे, मग पाठीशी एक जाड कागद ठेवून घडी. बाईंची नजर त्या कागदांवर गेली. त्यांवर ठिपके होते. टिपणांचा गठ्ठा त्याच्या मांडीशी होता आणि तो वरून एकेक घेत होता. बहिणीने बाईंची नजर ओळखली असावी. पुठ्ठे विकत आणावे लागतात, ती म्हणाली, आणि मी नको नको म्हणत होते, त्यानेच काढून दिले.

बाई त्याच्यासमोर खाली बसल्या. अपिलाचं सगळं सांगितलं. सातवी अट शब्दशः म्हणून दाखवली. मोकळ्या रेघेचं सांगितलं. तो घडी घालत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा वाचलं असतंत तर मी सही केली नसती."

"तुम्ही मला दाखवलाच नाही."

"नाही दाखवला." त्याने शर्ट बाजूला ठेवला. "एक विचारू? त्या रविवारी तुम्हाला काय काम होतं?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. वहिनी आजारी होती म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं.

"काही काम नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरीच बसले होते."

फळीशी बहिणीची इस्त्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मुलाने मान हलवली, जणू साक्षीदाराने अपेक्षेप्रमाणेच उत्तर दिलं होतं. राग त्याच्या चेहऱ्यावर दिसला नाही. दिसला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, सोय झाली असं मीही तुम्हाला खोटंच सांगितलं होतं. बुधवारी तुम्ही फोन केलात तेव्हा अजून वेळ होता. मग त्याने खिशातून चिरेची पट्टी काढून पुढे केली. बाईंनी ती अर्जावर ठेवली. पट्टी त्यांना दोनदा सरळ करावी लागली.

अपील अकरा महिने चाललं. त्यात एकदा सुनावणीला मुलाला बोलावलं. तो आणि बहीण पहाटेची बस धरून आले, व्हरांड्यात पाच तास बसले, आणि मग शिपायाने सांगितलं की एक सदस्य आले नाहीत, पुढची तारीख कळवू. बहिणीचं दुकान त्या दिवशी बंद राहिलं. निघताना मुलगा बाईंना म्हणाला की मी परत येणार नाही, हवं तर तुम्ही बोला. पुढच्या तारखेला बाईच बोलल्या. गोदामातून बिनपगारी रजा घेतली, आपली एकुलती एक बरी साडी नेसल्या, आणि पाच माणसांसमोर उभं राहून फॉर्मची मागची बाजू पहिल्या अटीपासून नवव्या अटीपर्यंत मोठ्याने वाचून काढली. एका सदस्याने मध्येच सांगितलं की हे आमच्याकडे आहे, वाचायची गरज नाही. बाई म्हणाल्या, "गरज होती ती त्याला. आत्ता निदान तुम्ही ऐका." कारकून कोपऱ्यात उभा होता. त्याला विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, की मागची बाजू मी वाचली नव्हती. त्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली.

निकालाचं पत्र बाईंच्या पत्त्यावर आलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग शेवटापासून उलटं वाचलं. मजकूर तोच राहिला. संध्याकाळी त्यांनी दुकानात फोन लावला आणि मुलाला पत्र वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता, मधे कुठेही न थांबता. समितीला प्रक्रियेत त्रुटी आढळली होती. यापुढे फॉर्मच्या दोन्ही बाजूंना अर्जदाराची सही घेणं बंधनकारक करण्यात आलं होतं. मात्र सदर विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात एक वर्षाहून अधिक खंड पडला असल्याने त्याला साहाय्य पुन्हा सुरू करता येत नव्हतं.

"खंड अपिलामुळेच पडला ना?" मुलाने विचारलं.

"हो."

"म्हणजे चूक त्यांची होती, हे ठरायला जितका वेळ लागला, तेवढ्यानेच माझा हक्क गेला." तो थोडा थांबला. "न्यायालयात हे छान मांडता आलं असतं."

बाई म्हणाल्या की अजून वर अर्ज करता येईल, मी मसुदा करते. तो म्हणाला, नको. एका मालवाहतुकीच्या कचेरीत फोनवर नोंदणी घ्यायचं काम मिळालंय, सोमवारपासून जायचंय. मग म्हणाला की तुम्ही आता येऊ नका, ताईला ते जड जातं. स्वतःला जड जातं असं तो म्हणाला नाही. बाईंनी बरं म्हटलं, आणि दिलेला शब्द पाळला.

वहिनी ते सगळं ऐकत होती. ती उठली, बाईंच्या हातातलं पत्र घेऊन पाकिटात घातलं आणि कपाटात खालच्या खणात ठेवलं. एरवी तिच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं. त्या दिवशी तिने फक्त विचारलं, जेवतेस का.

बाई गोदामात टिकून राहिल्या. उभं राहून पाय सुजायचे. वर्षभराने एका दुपारी कारकुनाचा फोन आला. एक मुलगी पहिल्या वर्षाला आलीये, तिचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, निदान महिनाभर शनिवारी कोणी वाचायला मिळालं तर बरं. मानधन मिळणार नाही, यंत्र तिच्या नावावर चढलंय ना. बाईंनी विचारलं की फॉर्म भरून घेतला का.

"घेतला. दोन्ही बाजूंना सही आहे. नवा नियम पक्का पाळतो मी."

"मागची बाजू तिला वाचून दाखवली?"

कारकून घुटमळला. त्या दिवशी एकदम सतरा मुलं आली होती, तो म्हणाला. सह्या मात्र सगळ्यांच्या आहेत.

बाईंनी सहीची तारीख विचारून घेतली आणि येते म्हणाल्या. गोदामाचा मुकादम शनिवारी सोडायला तयार नव्हता. रजा बिनपगारी मांडा म्हटल्यावर तो कबूल झाला. घरी वहिनीने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, की आता फुकट वाचायला लागलीस, म्हणजे आपण पुन्हा गरीब झालो. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि घशासाठी मीठ-पाणी गरम करायला ठेवलं.

शनिवारी जिन्याखालच्या खोलीत एक बारकीशी मुलगी बसली होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आता खिडकीच्या निम्म्यापर्यंत आले होते. बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि तिला आधी सातवी अट सांगितली, हळूहळू, दोनदा. मुलीने ऐकून घेतलं. मग विचारलं, की आता काय करता येईल.

सही होऊन सहा आठवडे झाले होते, आणि या वेळी अटींखालीही सही होती. बाई म्हणाल्या, आता काही नाही. आणि त्यांनी पुस्तक उघडलं.